टँक : एका लहानशा शब्दाची कुळकथा

इंग्रजीत अवघ्या चार अक्षरांनी लिहिला जाणारा ‘टँक’ हा शब्द हैदराबादकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. टँक बंड, मासाब टँक, मीर आलम टँक ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यात इतकी मुरलेली आहेत की त्यांतील ‘टँक’ हा परभाषेतला शब्द आहे, याचेही भान राहत नाही. परंतु इंग्लंडात वाढलेल्या मनुष्यापुढे ‘टँक’ म्हटले तर त्याच्या डोळ्यांसमोर एक तर लोखंडी टाकी उभी राहील किंवा तोफ रोखून धडधडत येणारा रणगाडा. ज्याचा पैलतीर नीट दिसू नये अशा विस्तीर्ण तळ्याला कोणी ‘टँक’ म्हणावे, हे त्याला विलक्षण वाटेल. एकाच शब्दाला तळे, टाकी आणि रणगाडा असे तीन परस्परांशी न जुळणारे अर्थ कसे प्राप्त झाले, आणि त्यांतला सर्वांत जुना अर्थ नेमका आपल्याच देशात का टिकून राहिला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा शोध घेताना आपल्याला सह्याद्रीतील गडांवर, पोर्तुगीजांच्या गलबतांवर आणि पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर जावे लागेल, आणि अखेरीस याच शहरात परतावे लागेल.

दोन दावेदार

सन १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोन विद्वानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या नावाचा कोश प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या शब्दांचा हा कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. त्यात ‘टँक’ या शब्दाविषयी लिहिताना त्यांनी हा शब्द बुचकळ्यात टाकणारा असून त्याला दुहेरी उगम असावा, एक भारतीय आणि दुसरा युरोपीय, असे मत नोंदविले. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी या प्रश्नाचा एकतर्फी निकाल लागलेला नाही.

पहिला दावेदार आपल्या घरातला आहे. मराठीत ‘टाके’ म्हणजे पाण्याचा साठा करण्यासाठी खोदलेले किंवा बांधलेले कुंड. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘टांकें’ या शब्दाचा अर्थ पाण्याचा साठा, असाच दिला आहे. गुजरातीत याच्याच जवळचा ‘टांकुं’ हा शब्द घराच्या अंगणाखाली बांधलेल्या, पावसाचे पाणी साठविण्याच्या कुंडाला लावतात, तर राजस्थानातही वाळवंटी भागात घरोघर ‘टांका’ असतो. म्हणजे पश्चिम भारताच्या एका सलग पट्ट्यात हा शब्द एकाच अर्थाने नांदतो आहे.

दुसरा दावेदार पोर्तुगीज भाषेतला ‘तांक’ हा शब्द होय. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘स्टाग्नुम’, म्हणजे साचलेले पाणी, या शब्दाच्या परिवारात शोधतात. पोर्तुगीजमध्ये ‘एश्तांकार’ म्हणजे वाहते पाणी अडविणे. स्पॅनिशमधील ‘एस्तांके’, फ्रेंचमधील ‘एतां’ आणि इटालियनमधील ‘स्तान्यो’ हे तळे किंवा डबके या अर्थाचे शब्द याच गोतावळ्यात येतात. इंग्रजीतील ‘स्टॅग्नंट’, म्हणजे साचलेले, हेही याच कुळातले. तेव्हा युरोपीय बाजूलाही भक्कम वंशावळ आहे.

तीन कसोट्या

शब्दांचे कूळ ठरविताना केवळ उच्चारातील साम्यावर विसंबता येत नाही. योगायोगाने सारखे वाटणारे शब्द जगातील कोणत्याही दोन भाषांत सापडतात. म्हणून व्युत्पत्तिशास्त्र साधारणपणे तीन कसोट्या लावते : ध्वनिबदल नियमाला धरून आहे काय, सर्वांत जुना लेखी पुरावा कोठला आहे, आणि शब्द एका भाषेतून दुसरीत जाण्याचा मार्ग दाखविता येतो काय. या तिन्ही कसोट्यांवर ‘टँक’ घासून पाहू.

ध्वनींची कसोटी प्रथम घेऊ. मराठीने पोर्तुगीजांकडून बरेच शब्द उचलले आहेत. पाण्याच्या भांड्यांचीच उदाहरणे घ्यायची तर ‘बादली’ आणि ‘पिंप’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत, ‘घमेले’ही तिकडचेच. मग ‘टाके’देखील त्याच वाटेने आले नसेल काय? अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु पोर्तुगीज ‘त’ आणि ‘द’ हे दंत्य वर्ण मराठीत बहुधा दंत्यच राहतात. ‘फीत’, ‘तुरुंग’, ‘मेस्त्री’, ‘पाद्री’, ‘बादली’ ही उदाहरणे पुरेशी आहेत. ‘बटाटा’ हा ठळक अपवाद सोडला, तर पोर्तुगीज ‘त’चा मराठीत ‘ट’ होण्याची प्रवृत्ती दिसत नाही. ‘तांक’ हा शब्द मराठीत आला असता तर त्याचे ‘तांके’ होणे अधिक संभवनीय होते. आपल्या ‘टाके’मधील मूर्धन्य ‘ट’ हा त्याच्या देशीपणाच्या बाजूने साक्ष देतो.

दुसरी कसोटी लेखी पुराव्याची. येथे पारडे युरोपकडे झुकते. सन १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. त्या सफरीची जी रोजनिशी उपलब्ध आहे, तीत तेथील देवालयाजवळच्या दगडी बांधणीच्या तळ्याला ‘तांक’ असेच म्हटले आहे. कालिकत हा मलबारचा किनारा; तेथे मल्याळम बोलली जाते. गुजराती किंवा मराठी शब्द ऐकून, तो आत्मसात करून काही दिवसांतच आपल्या लिखाणात वापरण्याइतका अवधी त्या खलाशांना मिळालाच नव्हता. अर्थात हा शब्द त्यांनी लिस्बनहून आपल्याबरोबरच आणला असला पाहिजे.

याउलट साक्ष एका इंग्रजाची आहे. जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्यासोबत एडवर्ड टेरी नावाचा धर्मोपदेशक होता. या देशात नद्यांखेरीज पुष्कळ तळी असून येथील लोक त्यांना ‘टँक’ म्हणतात, अशा आशयाची नोंद त्याने केली आहे. ‘येथील लोक म्हणतात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. टेरीचा मुक्काम सुरतेच्या बाजूला आणि मोगल दरबाराच्या परिसरात होता, म्हणजे जेथे ‘टांकुं’ हा शब्द बोलला जात होता त्याच प्रदेशात. त्याच्या कानांवर पडलेला शब्द पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा होता की गुजराती पाणक्यांचा, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. दोन्हींचा उच्चार इंग्रजी कानाला एकच!

तिसऱ्या कसोटीचे, म्हणजे मार्गाचे, उत्तर त्यातच दडलेले आहे. पश्चिम किनाऱ्यावर सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज ही व्यापाराची बोली झाली होती. तिच्यातील ‘तांक’ आणि देशी ‘टाके’ हे दोन स्वतंत्र शब्द एकाच बाजारपेठेत, एकाच अर्थाने समोरासमोर आले. दोन वेगवेगळ्या डोंगरांत उगम पावलेले ओढे एका खोऱ्यात मिळावेत, तसे ते एकमेकांत मिसळले आणि त्या संगमातून इंग्रजीने आपली घागर भरून घेतली. ‘टँक’ शब्दाला एकच बाप शोधण्याचा हट्ट धरण्यापेक्षा, तो दोन घराण्यांचा वारस आहे असे मानणे पुराव्याशी अधिक सुसंगत ठरते.

मराठी ‘टाके’ आणि त्याचे गणगोत

आता आपल्या घरातील शब्दाकडे थोडे अधिक बारकाईने पाहू. ‘टाके’ कोठून आले? संस्कृतात ‘टंक’ म्हणजे दगड फोडण्याची छिन्नी. तिलाच मराठीत पाथरवट ‘टाकी’ म्हणतात. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण सर्वश्रुत आहे, आणि गुळगुळीत झालेल्या जात्याला ‘टाकी लावणे’ हा वाक्प्रचार आपल्या आजी-पणजींच्या तोंडी होता. टाकीने खडकात कोरून काढलेले ते ‘टाके’, हा अर्थसंबंध सहज पटण्यासारखा आहे. काही अभ्यासक या शब्दाचा संबंध संस्कृत ‘तडाग’शीही जोडतात. पण सह्याद्रीतील टाकी ज्याने पाहिली आहेत, त्याला छिन्नीचीच बाजू अधिक जवळची वाटेल.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वस्तू जुनी असली म्हणजे तिचे आजचे नावही तितकेच जुने असते असे नाही. कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचे ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत. भिक्षूंसाठी लेणे आणि पाण्याचे टाके कोरवून दिल्याचा उल्लेख त्यांत वारंवार येतो. पण तेथे टाक्यासाठी योजलेला प्राकृत शब्द आहे ‘पोढी’. त्या काळी टाके होते, पण त्याला ‘टाके’ म्हणत नसत. पुढे केव्हातरी ‘पोढी’ मागे पडली आणि ‘टाके’ रूढ झाले. शब्दांच्या जगातही अशी पिढी बदलत असते.

शिवकाळात टाक्याला राज्यरक्षणाचे मोल आले. शिवनेरीवरील गंगा-जमुना ही टाकी आजही पाहणाऱ्याला थंड पाण्याने तृप्त करतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या राजनीतिपर ग्रंथात, गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि गड बांधणे अपरिहार्यच असेल तर आधी खडक फोडून तळी-टाकी बांधावीत, असा दंडक घालून दिला आहे. इतकेच नव्हे, तर गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण युद्धात तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात, असेही बजावले आहे. पाणी वाहते असताना त्याचा साठा करून ठेवणारा मनुष्य दुष्काळात आणि वेढ्यात तगतो, हे शहाणपण ‘टाके’ या शब्दात सामावलेले आहे.

तळ्यातून रणांगणात

इंग्रजीत गेलेल्या ‘टँक’चा अर्थ हळूहळू पालटला. आरंभी त्याचा अर्थ तळे किंवा कुंड एवढाच होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस कोणताही द्रवपदार्थ साठविण्याचे मोठे कृत्रिम पात्र, असा अर्थ त्याला मिळाला. पुढे आगगाड्या आल्या, तेल आले, मोटारी आल्या आणि पाण्याशी असलेले त्याचे नातेही सुटले. पेट्रोल भरण्याच्या कप्प्यालाही तोच शब्द लागू झाला. पोहण्याच्या तलावाला ‘टँक’ म्हणत, म्हणून पोहण्याच्या पोशाखाला आणि त्यावरून बिनबाह्यांच्या सदऱ्यालाही ‘टँक’ हे विशेषण चिकटले.

सर्वांत चमत्कारिक वळण मात्र पहिल्या महायुद्धात मिळाले. खंदकांची लढाई फोडण्यासाठी ब्रिटिशांनी सन १९१५ मध्ये एका चिलखती, साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनाची जुळवाजुळव सुरू केली. कागदोपत्री त्याला ‘जमिनीवरील जहाज’ म्हणत. पण त्या नावावरून शत्रूला सुगावा लागला असता. कारखान्यातील कामगारांना आणि वाहतूक करणाऱ्यांना फसविण्यासाठी हे काहीतरी पाणी वाहून नेण्याचे पात्र आहे, अशी हूल उठवायचे ठरले. साठवणीच्या पात्राला इंग्रजीत असलेले इतर लांबलचक पर्याय बाजूला पडले आणि सुटसुटीत म्हणून ‘टँक’ निवडला गेला. दिनांक १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर हे यंत्र प्रथम उतरले. गुपित फुटले, पण गुप्ततेसाठी घेतलेले नाव कायमचे चिकटले.

या नामकरणात ज्याचा पुढाकार होता, तो अधिकारी अर्नेस्ट स्विंटन. त्याचा जन्म सन १८६८ मध्ये बंगळूर येथे झाला होता. ज्या शहराची तहान पिढ्यान्‌पिढ्या तळ्यांनी भागविली आणि ज्या शहरात इंग्रज प्रत्येक तळ्याला ‘टँक’ म्हणत, त्या शहरात जन्मलेल्या मनुष्याच्या हातून हे नाव जगभर जावे, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. मराठीने मात्र या यंत्रासाठी ‘रणगाडा’ हा स्वतंत्र आणि समर्पक शब्द घडविला, त्यामुळे आपल्या भाषेत हा घोटाळा झाला नाही.

आपल्या प्रदेशाच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी एकत्र आलेले दिसतात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानातील कारवाईच्या वेळी भारतीय सैन्याचे चिलखती दल सोलापूरहून निघाले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग त्याच्या ताब्यात आले. त्याच नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून आदिलशाहीत बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल आहे. पाणी अडविणाऱ्या त्या भिंतीजवळून रणगाडे गेले. एका शब्दाचे आजोबा आणि नातू त्या दिवशी समोरासमोर आले, असे म्हणावयास हरकत नाही.

तळ्यांचे शहर

आता हैदराबादकडे वळू. येथील मराठी माणूस तळ्यासाठी चार-पाच भाषांतील शब्दांत वावरतो. तेलुगूत मोठ्या तळ्याला ‘चेरुवु’ आणि लहान तळ्याला ‘कुंटा’ म्हणतात. काचीगुड्याजवळचे नल्लकुंटा हे नाव त्याचेच. दखनीत ‘तालाब’, उर्दूत ‘सागर’ आणि ‘हौज’, मराठीत तळे आणि टाके, आणि या सर्वांवर सरकारी कागदपत्रांतील ‘टँक’. ‘टँक बंड’मधील दुसरा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. हे मराठीतील बंड, म्हणजे उठाव, नव्हे. फारसी ‘बंद’ या शब्दाचे ते इंग्रजी वळण असून आपल्या ‘बांध’ या शब्दाचा तो सख्खा भाऊ आहे. तेव्हा टँक बंड म्हणजे सरळ मराठीत तळ्याचा बांध.

हुसेनसागर हे तळे इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, इ. स. १५६२ च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली बांधले गेले. हैदराबाद शहराची स्थापना झाली ती १५९१ मध्ये. म्हणजे शहरापेक्षा तळे वयाने मोठे! आधी पाणी आणि मग वस्ती, हा क्रम आज्ञापत्रातील शिकवणीशी जुळतो. त्याही आधी, तेराव्या शतकात काकतीय राजांच्या काळी पाखाल आणि रामप्पासारखी तळी बांधली गेली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मीर आलम तळ्याचा एकवीस अर्धवर्तुळाकार कमानींचा बांध उभा राहिला. तळ्याचा बांध फुटू नये म्हणून त्यावर राखणदार देवता, कट्ट मैसम्मा, बसविण्याची तेलंगणातील रीत आहे. ‘कट्ट’ म्हणजे बांध. आपण ज्या कट्ट्यावर गप्पा मारतो, तो शब्दही याच द्राविड कुळातला मानतात.

बांध फुटण्याचे भय निराधार नव्हते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली. त्यानंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पाहणी केली, तेव्हा मुसीच्या खोऱ्यात जवळजवळ आठशे तळी असून त्यांपैकी दोनशेहून अधिक फुटल्याचे आढळले. वरचे तळे फुटले की त्याचा लोंढा खालच्यावर आदळतो आणि तेही फुटते. तळ्यांची ती साखळी एरवी पुराला पायरीपायरीने आवरीत असे; एक कडी तुटताच तीच साखळी संकट होऊन कोसळली. विश्वेश्वरय्यांच्या सूचनेनुसार पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) ही धरणे झाली.

शतक उलटल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये मुसळधार पावसात शहरातील काही तळ्यांचे बांध पुन्हा फुटले आणि वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. मधल्या काळात कित्येक तळी बुजवून त्यांवर घरे उभी राहिली होती. मासाब टँक येथे आज टँक नाही. नाव तेवढे उरले आहे. कुतुबशाही घराण्यातील हयात बक्षी बेगम यांना ‘माँ साहेबा’ म्हणत. त्यांच्या नावाचे ते तळे. नावाचा उच्चार झिजून ‘मासाब’ झाला, आणि तळे तर नाहीसेच झाले.

म्हणूनच या शहरात ‘टँक’ हा केवळ कोशातला शब्द नाही. घर किंवा भूखंड विकत घेणाऱ्याला आज ‘फुल टँक लेव्हल’ हा शब्द कागदपत्रांत भेटतो. तळे पूर्ण भरले असता पाणी जेथवर पसरते, ती त्याची सीमा. तिच्या आत बांधकामाला मनाई आहे. तळ्यांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी २०२४ मध्ये ‘हायड्रा’ ही यंत्रणा स्थापन झाली, तेव्हा ही सीमा न पाहता आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्या अनेकांना या तीन शब्दांचा अर्थ फार उशिरा कळला. उन्हाळ्यात कोरडे पडलेले मैदान हे जमीन नसून पाण्याची राखीव जागा आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ‘कुंटा’ आणि ‘टाके’ या शब्दांतूनच कळत असे.

शब्दाची घरवापसी

या कुळकथेचा शेवटचा टप्पा मराठवाड्यात आहे. इंग्रजीत गेलेला शब्द ‘टाकी’ आणि ‘टँकर’ यांच्या रूपाने आपल्याकडे परत आला. गच्चीवरची टाकी हा देशी आणि परदेशी शब्दांचा पुन्हा झालेला संगमच होय. ‘टँकर’ मात्र दुष्काळाचे दुसरे नाव होऊन बसला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लक्ष लिटर पाणी पोहोचले. आपल्या दारी पडलेले पाणी साठविते ते टाके, आणि दुसऱ्याच्या दारचे पाणी वाहून आणतो तो टँकर. शब्द जवळपास तोच, पण दोहोंत स्वावलंबन आणि परावलंबन यांचे अंतर आहे.

तेलंगणा सरकारने २०१५ पासून ‘मिशन काकतीय’ या नावाने छत्तेचाळीस हजारांहून अधिक तळ्यांतील गाळ उपसून त्यांचे पुनरुज्जीवन करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तो जुन्याच शहाणपणाचा नवा स्वीकार होता. शाळेत व्युत्पत्ती शिकविली जाते ती बहुधा परीक्षेपुरती. पण एखाद्या शब्दाचे कूळ शोधता शोधता आपण ज्या भूमीवर राहतो तिचा उतार कोणीकडे आहे, पाणी कोठे थांबत असे आणि ते का थांबविले जात असे, हेही उलगडत जाते. या शाळेतून बाहेर पडलेल्या आणि पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या मोहल्ल्याच्या नावात दडलेला कुंटा, चेरुवु, तालाब किंवा टँक शोधून काढावा आणि तो आज कोठे आहे, याची चौकशी करावी. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे एकत्र येतो, त्यांनी शब्दाचा अर्थ विचारण्याची जी सवय आपल्याला लावली, तिचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल.